पाळणा बंद आहे, दादा

मीरा रोड,
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम.

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, पण तुझ्या पुण्याच्या बिल्डिंगखाली पत्रपेटी आहे आणि ती तुला ब्लॉक करता येत नाही. म्हणून हा उद्योग. पोस्टातल्या बाईंनी मला विचारलं, "घरचंच पत्र आहे ना? कोर्टाचं वगैरे नाही ना?" मी म्हटलं, घरचंच आहे, पण मामला कोर्टासारखाच आहे.

आधी भांडण उरकून घेऊ. माझ्या इंटर्नशिपसाठी तू तुझ्या मॅनेजरकडे शब्द टाकलास, मी हो म्हटलं, आणि ऐन वेळी इथल्या पार्कात रुजू झाले. तुला तिथे मान खाली घालावी लागली. नाहीच म्हणायचं होतं तर आधी म्हणायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण तू फोनवर जे बोललास, "पाळणे फिरवायला इंजिनिअर कशाला लागतो? नटबोल्ट पुसत बसशील, तुला तिथे कुत्रं विचारणार नाही," ते तुझं चुकलं. फिट्टंफाट. आता माझं ऐक.

पार्क डोंगरीच्या पुढे, उत्तनच्या वाटेवर आहे. मला मोठ्या पाळण्यावर टाकलंय. सगळे त्याला नुसतं व्हील म्हणतात. सेफ्टी शूजसाठी मी अख्खा केबिन रोड पालथा घातला, माझ्या मापाचे मिळाले नाहीत. "मॅडम, लेडीज में ये आता ही नहीं," असं प्रत्येक दुकानदार इतक्या आनंदाने सांगायचा की जणू त्यानेच बंदी घातलीये. शेवटी एक नंबर मोठे घेतले. मोज्यांवर मोजे घालून चालते आणि थप थप आवाज करते. लोकांना मी येतेय हे लांबून कळतं.

आमचे यतीन सर मेंटेनन्सचे हेड आहेत. आवाज कधी चढवत नाहीत. तोंडात कायम बडीशेप. त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये "चालेल" हा शब्द उच्चारायला बंदी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हा बेल्ट कसा आहे?" मी म्हटलं, "चालेल, सर." ते म्हणाले, "चालेल म्हणजे काय? चालतोय की बंद करायचा? दोनच उत्तरं आहेत." आपल्या घरात ही बंदी आली तर आई मुकीच होईल.

नटबोल्टांबद्दल सांगते, कारण तुझा त्या विषयावर फार राग आहे. प्रत्येक नट आणि त्याच्या खालची पट्टी यांवरून मिळून एक लाल रेघ ओढलेली असते. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसते. तर मी पुसत नाही, बघते. गेट उघडायच्या आधी सगळ्या रेघा बघून व्हायच्या, मग रिकामा पाळणा फिरवायचा, मग माणसांच्या जागी वाळूच्या पिशव्या बसवून. आणि मग ज्याने तपासणी केली त्याने स्वतः पहिली फेरी मारायची. हा इथला रिवाज आहे.

पहिल्या फेरीला मी डोळे मिटून घेतले. मला उंचीची किती भीती वाटते हे घरात फक्त तुला माहितीये, आणि तुझा विरोध त्यासाठीच होता हेही मला माहितीये. सर म्हणाले, "डोळे मिटून कसली तपासणी?" मग उघडले. दादा, वरून इतकं सुंदर दिसतं! एका बाजूला समुद्र, किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा, आणि दुसऱ्या बाजूला लांबवर आपल्या नया नगरकडच्या बिल्डिंगा, ज्या जवळून बघाव्यात अशा मुळीच नाहीत.

आणखी एक नियम आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. पाळणा थांबवायचा अधिकार सगळ्यांना, अगदी झाडू मारणाऱ्या बाईंनाही. सुरू करायचा अधिकार फक्त सरांना.

तेजश्री वहिनीला नमस्कार, आनंदीला पापा. तुला काही नाही.

तुझी भांडखोर,
क्षितिजा


मीरा रोड,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम.

उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हते. (बघत होते.)

दसऱ्याला मी सुट्टी घेतली आणि आई-पप्पांबरोबर विहारात गेले. यंदा खीर पातळ झाली होती, आईचा दिवसभर तोच विषय. पप्पा वंदना चालू असताना दोनदा मागे वळून दाराकडे बघत होते. मी विचारलं तर म्हणाले, "चप्पल जागेवर आहे का ते बघत होतो." त्यांची चप्पल चोरही उचलणार नाही अशी झालीये. तू धम्मचक्र दिनाला घरी आला नाहीस असं हे पहिलंच वर्ष. तुझा राग माझ्यावर आहे ना? मग त्यांना कशाला शिक्षा?

दुसऱ्या दिवशी पार्कात गेले तर सगळं पिवळंधमक. दसऱ्याला तिथे यंत्रांची मोठी पूजा असते. झेंडूचे हार केसरबाई करतात. त्या डोंगरीच्याच, व्हीलच्या रांगेची जागा झाडायचं काम त्यांच्याकडे आहे. दरवर्षी सगळे हार त्याच ओवतात, दुसऱ्या कोणाला सुईदोऱ्याला हात लावू देत नाहीत. त्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात, कारण समुद्राच्या वाऱ्यावर साधा दोरा टिकत नाही. आणि चंदन, आमचा ऑपरेटर, ते वर चढून बांधतो. चंदनच्या मते हार जितका उंच तितका देवाला लवकर दिसतो.

लहान मुलांची ड्रॅगन ट्रेन त्या दिवशी सुरूच होईना. पॅनेल म्हणे एका डब्याचं लॉक उघडं आहे, आणि लॉक तर पक्कं लागलेलं. शेवटी बघितलं तर लॉक लागलंय की नाही हे बघणाऱ्या सेन्सरच्या काचेवर भरपूर हळदकुंकू. मी फडकं घेऊन पुसलं आणि ट्रेन चालू झाली. मान वर केली तर समोर केसरबाई.

"काल पूजेला तू न्हवतीस," त्या म्हणाल्या, "आन आज पुसाया आलीस?"

मी सेन्सर वगैरे सांगायला लागले. त्या ऐकायला थांबल्या नाहीत. रोज दुपारी त्या माझ्या डब्याच्या झाकणात सुकटीची चटणी वाढतात. त्या दिवशी वाढली नाही.

एवढंच. विशेष काही नाही. बाकीच्या हारांना मी हात लावायची नाही असं ठरवलंय. सुकले की आपोआप पडतील.

तुझी,
क्षितिजा


मीरा रोड,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम.

वहिनीचा फोन आला होता. तू माझी पत्रं वाचतोस, घडी घालून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवतोस आणि तिने विचारलं की म्हणतोस, "कसली पत्रं?" पकडला गेलास. वहिनीवर चिडू नकोस, ती दोन्हीकडून वैतागलीये.

केसरबाई अजून बोलत नाहीत. मी गेले की झाडू घेऊन पलीकडे जातात. तुला सांगते, कारण हे आईला सांगितलं तर ती पार्कात येऊन उभी राहील. मला त्यांचा राग नाही येत रे, वाईट वाटतं. त्यांना वाटतंय की मी पूजेला आले नाही आणि वर त्यांच्या पूजेची किंमत ठेवली नाही. मी का आले नाही हे सांगायला गेलं तर ते भलतीकडेच जाईल, आणि न सांगावं तर तेही तसंच राहतं. असं काहीतरी मध्ये आलं की मी गप्प बसते. मी गप्प बसलेय हे तुला खोटं वाटेल, पण खरंच.

कामात मात्र गप्प बसत नाही. काल चंदनला म्हटलं, केबिन क्रमांक सातचं दार करकरतंय. तो म्हणाला, "मॅडम, चलेगा." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो स्वतःच तेलाची बाटली घेऊन आला.

दिवाळीच्या सुट्टीत आनंदीला घेऊन ये ना. तिला व्हीलमध्ये बसवीन. तुला बसायचं नसेल तर खाली भेळ खा आणि माझ्याशी न बोलता परत जा. मला चालेल. (हा शब्द घरी वापरायला परवानगी आहे.)

तुझी,
क्षितिजा


मीरा रोड,
२६ ऑक्टोबर २०२५, सकाळ

प्रिय दादा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीये. तू आतल्या खोलीत झोपलायस. आनंदीचा पाय तुझ्या पोटावर आहे आणि तू असा घोरतोयस की खालच्या मजल्यावरचे उठले असतील. तरी लिहितेय. काल संध्याकाळपासून तू पप्पांशी बोललास, आईशी बोललास, शेजारच्या काकांनाही दारात उभं करून सगळी हकिकत ऐकवलीस, "हजार माणसं ओरडत होती, हजार!" (दीडशे असतील.) फक्त माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. आणि मी तोंड उघडलं तर आपण पुन्हा भांडणार. म्हणून कागद.

तू रांगेतून जे बघितलंस ते अर्धंच होतं. बाकीचं असं.

व्हीलच्या मधल्या खांबाच्या टोकावर वाऱ्याचं मीटर आहे. चार छोट्या वाट्या असतात, त्या वाऱ्याने फिरतात आणि खाली पॅनेलवर आकडा येतो. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की बझर वाजतो आणि आम्ही नवीन माणसं घेणं बंद करून वरच्यांना उतरवतो. काल दुपारी मी आणि चंदन प्लॅटफॉर्मवर होतो. दिवाळीची सुट्टी, रांग पार आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत. पॅनेलवर वाऱ्याचा आकडा अगदी मवाळ. आणि मी सहज किनाऱ्याकडे बघितलं तर काठ्यांवरचे बोंबील आडवे झालेले. खाली लोंबत नव्हते, आडवे.

मी पुन्हा पॅनेल बघितलं. मवाळ. माझ्या हेल्मेटखालून केस उडत होते, रांगेतल्या बायका ओढण्या धरून उभ्या होत्या आणि पॅनेल सांगत होतं की झुळूक आहे. मी मोबाईलचा कॅमेरा झूम करून वर बघितलं. वाट्यांच्या दांड्याला केसरबाईंच्या हाराचा दोरा गुंडाळला गेला होता. फुलं गळून गेलेली, चार-दोन सुकलेली तेवढी राहिलेली, पण नायलॉनचा दोरा मजबूत. वाट्या पूर्ण अडल्या नव्हत्या. अडखळत, रखडत फिरत होत्या. पूर्ण अडल्या असत्या तर शून्य आलं असतं आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं.

चंदनने देवाला लवकर दिसावं म्हणून पार टोकावर बांधला होता. पण दादा, दसऱ्यापासून रोज सकाळी मी त्याच खांबाखाली उभी राहत होते. सगळ्या लाल रेघा बघायचे, पट्ट्या बघायचे, आणि पिवळं काही दिसलं की नजर खाली घ्यायचे. हारांच्या वाटेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं ना. दसऱ्यानंतरच्या पत्रात ते मी मोठ्या समजूतदारपणाने लिहिलं होतं. तो समजूतदारपणा नव्हता. कोणी पुन्हा रागावू नये म्हणून मी माझं काम अर्धवट करत होते.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. आधी आलं की पाच मिनिटं थांबू, सरांना येऊ दे. मग आलं की बंद केलं तर सगळ्यांना कळणार की हारामुळे, आणि केसरबाई म्हणणार, हिला आमची पूजा खुपतेच. आणि मग वरच्या केबिनमधून एक लहान मूल हात हलवताना दिसलं आणि ती केबिन वाऱ्याने एका बाजूला कलली. फार नाही, थोडीच.

मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "सर, व्हील बंद करतेय." सर वॉटर स्लाइडकडे होते. ते म्हणाले, "कर." कारण विचारलं नाही.

चंदन म्हणाला, "मॅडम, मीटर तो ठीक दिखा रहा है."

"मीटर झूठ बोल रहा है. एक-एक केबिन उतारो, धीरे से."

तो उतरवायला लागला आणि मी माइकवर सांगितलं की व्हील बंद आहे. पुढचं तू बघितलंस, रांग ओरडायला लागली. दोन तास उभे आहोत, बच्चा रो रहा है, ये क्या तमाशा है. चेक्सच्या शर्टातला तो माणूस रेलिंगवर हात आपटत होता, "तुम कौन हो? इंजिनिअर को बुलाओ!" मी मोठ्या बुटांत उभी, जॅकेट गुडघ्यापर्यंत. दादा, माझा आवाज फुटत नव्हता. माइकवर नुसता श्वास ऐकू गेला असेल. तू बरोबर बोलला होतास, इथे मला कुत्रं विचारत नाही, असंच वाटलं.

आणि मग मागून आवाज आला. "इंजिनिअर वही है. उसने बंद बोला ना? तो बंद है."

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. याच आवाजात तू मला सायकल शिकवताना सगळ्या सोसायटीसमोर माझ्यावर ओरडला होतास. बघितलं तर तू रांगेच्या मध्यावर, आनंदी खांद्यावर, तिच्या हातात अर्धे बुढ्ढी के बाल आणि उरलेले तुझ्या केसांत. येतोय म्हणून सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी दिवसभर गेटकडेच बघत बसले असते. तुला बघून मला रडू आलं आणि आवाजही आला. पुढची घोषणा मी नीट केली. तुला ऐकू आली असेल.

शेवटची केबिन उतरली आणि थोड्या वेळाने तो मोठा झोत आला, आठवतं? सगळ्या रिकाम्या केबिन्स एकदम हलल्या आणि दारं धडधडली. ओरडा थांबला. चेक्सच्या शर्टवाल्याने मुलाला उचलून घेतलं आणि वर बघत राहिला. यतीन सर तोवर आले होते. त्यांनी खिशातून वाऱ्याचं छोटं मीटर काढून वर धरलं, आकडा मर्यादेच्या बराच वर. त्यांनी तो मला दाखवला, बडीशेप तोंडात टाकली आणि म्हणाले, "हारात मीटर अडकलं हे रोजच्या तपासणीत दिसायला हवं होतं. तुला, मला, दोघांनाही." कौतुक वगैरे काही नाही.

पाळणा बंद म्हणून रुसलेल्या आनंदीला तू समजावत होतास तेव्हा केसरबाई झाडू घेऊन आल्या. चंदन रडवेला होऊन सांगत होता की मैंने बांधा था. केसरबाई वर बघत होत्या. "माजीच माळ ती," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, मी बघायला हवं होतं. तुम्ही पुन्हा रागवाल म्हणून हारांकडे बघितलंच नाही."

"मंग रागावले असते," त्या म्हणाल्या, "आनखी काय झालं असतं गो? तवाच सांगाचं ना."

आणि त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हाताला झाडूची धूळ होती, ती गालाला लागली. मी दसऱ्याला का नव्हते ते मी त्यांना तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग पुडच्या वर्साला आदी इहारात जा, मंग हिकरं ये. खीर घेऊन ये." आई खीर घट्ट करेल अशी आशा आहे.

दादा, रात्रभर मला हेच वाटत होतं की मी तुझ्याशीही तेच केलं. तुझ्या कंपनीत मला यायचं नव्हतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू रागावशील म्हणून हो म्हणत राहिले. तू रागावला असतास, आणखी काय झालं असतं? आठवडाभर तोंड फुगवलं असतंस आणि मग स्वतःच विचारलं असतंस, जेवलीस का. मी तुला मॅनेजरसमोर तोंडघशी पाडलं ते तुझी भीती वाटते म्हणून नाही, तू दूर जाशील याची वाटते म्हणून. आणि नेमकं तेच झालं. यापुढे नाही असेल तर नाहीच सांगेन, आणि तू खुशाल ओरड. फक्त फोन उचल.

तू काल माझ्यासाठी बोललास. माझं सर्टिफिकेट तेच, कॉलेजने जे द्यायचं असेल ते देऊ दे.

आता निघते. रात्री वारा पडलाय. दोरा काढायला खांबावर कोणीतरी चढायचंय आणि सरांनी ते काम मला सांगितलंय. पट्टा असतो, दोर असतो, सर स्वतः खाली असतात, पडायची भीती नाही. पण माझी भीती अशा गोष्टी ऐकत नाही, हे तुला माहितीये. पायऱ्या चढताना पाय लटपटतील. हे मी सरांना काल सांगून टाकलं. ते म्हणाले, "लटपटू देत. हळू चढ."

पोहे झाकून ठेवलेत. आनंदीला सांग की आत्या वाईट नाहीये.

तुझी,
क्षितिजा

ता. क. पत्र तुझ्या उशाशी ठेवायला आत आले तर तू जागा. अंथरुणावर बसून बूट घालतोयस, केस उभे, एक मोजा उलटा. मी विचारलं, कुठे? तर तू गाडीची चावी शोधत, माझ्याकडे न बघता म्हणालास, "मी खाली उभा राहीन. वरून माझ्याकडे बघू नकोस, हाताकडे बघ. चल."